आईचं फेरिटिन ६१२ आलंय, म्हणून विस्मरण होतंय का?

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातून आलेला प्रश्न थोडक्यात असा. आईचं वय ७१. दीड-दोन वर्षांत विसरणं वाढलंय. आमटीत मीठ दोनदा पडतं, नातवाला मुलाच्या नावानं हाक मारतात, कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे २००० रुपये जमा झाले का हे दिवसातून चारदा विचारतात. साखरेचा त्रास दहा-बारा वर्षांचा, गोळी मेटफॉर्मिन. घर माळकरी, अंडंसुद्धा नाही. अशक्तपणा वाटतो म्हणून मेडिकलमधून आणलेल्या लोहाच्या गोळ्या वर्षानुवर्षं चालू आहेत. आता फेरिटिन, म्हणजे लोहाच्या साठ्याचा अंदाज घ्यायची रक्ततपासणी, ६१२ आलं आणि पुण्याच्या मेहुण्यांनी एक व्हिडिओ पाठवला: मेंदूत लोखंड साठून गंजतं, तोच डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश. गोळ्या बंद करायच्या का, लोखंडी तवा काढून टाकायचा का, लोह उपसून काढणारी सलाईन द्यायची का, आणि मुलाचं स्वतःचं फेरिटिन २१० आहे त्याचं काय करायचं, असे चार प्रश्न आहेत.

आधी उत्तर देतो, कारणं मागाहून. लोहाच्या गोळ्या थांबवा, पण मेंदू वाचवायला म्हणून नव्हे. त्यांची गरजच दिसत नाही म्हणून. तवा राहू द्या. सलाईनच्या वाटेला अजिबात जाऊ नका. आणि तुम्ही पाठवलेल्या रिपोर्टात फेरिटिनपेक्षा महत्त्वाचा एक आकडा आहे, त्याकडे कुणीच बघितलेलं नाही. त्यापासूनच सुरुवात करू.

तुमच्या कागदावर हिमोग्लोबिन १०.९ आहे. सीरम आयर्न (रक्तात फिरणारं लोह) ६२, टीआयबीसी (रक्ताची लोह वाहण्याची एकूण क्षमता) २६०. या दोघांचं प्रमाण काढलं की ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन मिळतं, म्हणजे ती क्षमता किती टक्के भरली आहे ते. इथं ते २४ टक्क्यांच्या आसपास येतं. शरीरात खरोखर लोह जास्त झालं असेल तर हा आकडा सहसा ४५ च्या वर जातो. आईंचा त्याच्या जवळपासही नाही. मग फेरिटिन का वाढलं? फेरिटिन म्हणजे पेशीतली कणगी. लोह साठवायला पेशी ती बांधते. पण शरीरात कुठंही सूज, जंतुसंसर्ग, फॅटी लिव्हर, मूत्रपिंडाचा आजार, संधिवात किंवा नीट आटोक्यात नसलेली साखर असली की आत धान्य किती आहे याचा विचार न करता शरीर कणग्या वाढवतं. रक्तात आपण मोजतो ती कणगी, दाणे नव्हेत. म्हणून एकट्या फेरिटिनवरून ‘लोह साठलं’ असं म्हणता येत नाही. मधुमेह आणि पोटाचा घेर असलेल्या माणसात ४००-६०० फेरिटिन माझ्यासमोर रोज येतं, आणि बहुतेक वेळा सोनोग्राफीत यकृतावर चरबी दिसते.

आता तो दुर्लक्षित आकडा. त्याच कागदावर हिमोग्लोबिनच्या खाली तीन ओळी सोडून एमसीव्ही १०१ लिहिलंय. म्हणजे लाल पेशी आकारानं मोठ्या झाल्या आहेत. लोह कमी असलं तर पेशी लहान होतात. मोठ्या होतात त्या मुख्यतः बी-१२ किंवा फॉलिक अॅसिड कमी पडल्यावर, थायरॉइड मंदावल्यावर, दारूमुळे किंवा यकृत बिघडल्यावर. घर माळकरी, मेटफॉर्मिन दहा वर्षं, वय सत्तरीपुढं, आणि तुम्ही औषधांच्या यादीत शेवटी लिहिलेली रोज सकाळची पॅन्टोप्राझोलची गोळी. बी-१२ कमी होण्यासाठी याहून सोयीचं घर शोधूनही सापडणार नाही. मेटफॉर्मिन आणि आम्लपित्ताच्या गोळ्या, दोन्ही वर्षानुवर्षं घेतल्यावर बी-१२ शोषणं कमी होतं. आणि बी-१२ च्या कमतरतेत विसरणं, चिडचिड, पायाला मुंग्या, चालताना तोल जाणं हे सगळं होतं. वेळेवर सापडलं तर यातलं बरंच भरून येतं.

दुसरी गोष्ट अशी की मेडिकलमधल्या लोहाच्या गोळीत बहुधा फॉलिक अॅसिडही असतं. त्यानं रक्त थोडं सावरतं, हिमोग्लोबिन फार खाली जात नाही, त्यामुळे कुणाला शंकाही येत नाही. मज्जातंतूंचं नुकसान मात्र आतल्या आत चालू राहतं. म्हणजे आईंच्या बाबतीत त्या गोळीनं काही बिघडवलंच असेल तर ते मेंदूत लोह भरून नव्हे, बी-१२ ची उणीव झाकून. उद्याच्या उद्या बी-१२, टीएसएच (थायरॉइडसाठी), क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), यकृताच्या तपासण्या आणि एचबीएवनसी (गेल्या तीनेक महिन्यांच्या साखरेची सरासरी) करून घ्या. तपासणीसाठी रक्त द्यायच्या आधी बी-१२ चं इंजेक्शन घेऊ नका, नाहीतर रिपोर्ट छान येईल आणि काहीच कळणार नाही. आपल्याकडे ‘ताकदीची सुई’ इतक्या सहज टोचली जाते की हे मुद्दाम सांगावं लागतं.

आता मेहुण्यांचा व्हिडिओ. तो सगळाच खोटा नाही, अडचण तीच आहे.

मेंदूला लोह लागतं. पेशींना ऊर्जा तयार करायला, डोपामिन हे संदेशवाहक रसायन बनवायला, मज्जातंतूंवरचं आवरण घडवायला ते हवंच. १९५८ साली हालग्रेन आणि सूरांडर या स्वीडनमधल्या संशोधकांनी शवविच्छेदनातल्या मेंदूंतलं लोह मोजून दाखवलं की वयाबरोबर ते वाढत जातं, विशेषतः मेंदूच्या खोल भागातल्या केंद्रकांमध्ये. म्हणजे म्हातारपणी मेंदूत थोडं जास्त लोह असणं हा आजार नाही, वयाचा भाग आहे. अल्झायमर या डिमेन्शियाच्या सर्वांत जास्त आढळणाऱ्या प्रकारात मात्र स्मरणाशी संबंधित भागांत आणि अॅमिलॉइड या प्रथिनाच्या गाठींभोवती ते नेहमीपेक्षा जास्त सापडतं. बांधून न ठेवलेलं लोह हायड्रोजन पेरॉक्साइडशी संयोग पावलं की अतिशय आक्रमक असे हायड्रॉक्सिल कण तयार होतात. फेंटन या रसायनशास्त्रज्ञानं १८९४ मध्ये वर्णन केलेली हीच ती प्रक्रिया. हे कण पेशीच्या चरबीयुक्त आवरणावर हल्ला करतात. लोहामुळे पेशी मरण्याच्या या विशिष्ट प्रकाराला २०१२ मध्ये फेरोप्टोसिस हे नाव मिळालं, आणि तेव्हापासून या विषयावर संशोधनाचा पूर आला आहे.

मेलबर्नच्या गटानं २०१५ मध्ये दाखवलं की पाठीच्या मणक्यातून काढलेल्या पाण्यात फेरिटिन जास्त असलेल्या लोकांची स्मरणशक्ती पुढच्या वर्षांत जास्त घसरली. नंतर मृत्यूपश्चात दान केलेल्या मेंदूंच्या अभ्यासातही तेच दिसलं, पण एक मेख होती: जास्त लोह आणि वेगानं घसरण यांचा संबंध मुख्यतः ज्यांच्या मेंदूत अल्झायमरचे बदल आधीच होते त्यांच्यात होता. म्हणजे लोह आग लावतं असं नाही. लागलेल्या आगीचा जोर त्यानं वाढत असावा, असं म्हणता येईल.

इथं लक्षात घ्यायचं ते असं की हे मोजमाप मणक्यातल्या पाण्याचं आणि मेंदूच्या ऊतींचं आहे. तुमच्या लॅबनं मोजलं ते दंडातल्या शिरेतलं. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये एक काटेकोर पडदा आहे आणि मेंदू आपलं लोह बरंचसं स्वतंत्रपणे सांभाळतो. रक्तातलं फेरिटिन ६१२ म्हणजे मेंदूत लोह भरलंय, असा सरळ हिशेब लागत नाही. उलटही नाही: रक्तात लोह कमी असलेल्या माणसाच्या मेंदूत ते जास्त असू शकतं. सेरुलोप्लाझ्मिन हे प्रथिन जन्मतःच नसलेल्या अगदी विरळ आनुवंशिक आजारात तर सीरम आयर्न कमी, फेरिटिन जास्त आणि मेंदूत लोहाचा साठा असं तिन्ही एकत्र दिसतं. पण त्यात मधुमेह, डोळ्याच्या पडद्याचा बिघाड, विचित्र हालचाली अशी साथ असते आणि सुरुवात बरीच आधी, मध्यम वयात होते. आईंच्या बाबतीत त्या दिशेनं जायचं काही कारण नाही.

मग पुढचा प्रश्न साहजिक आहे: लोह काढून टाकलं तर? इथं जरा सविस्तर सांगतो, कारण ‘डिटॉक्स’च्या नावाखाली सलाईन विकणारे याच टप्प्यावर घाई करतात.

१९९१ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात कॅनडातला एक प्रयोग छापून आला. अल्झायमरच्या ४८ रुग्णांपैकी काहींना दोन वर्षं डेस्फेरिऑक्सामिन या धातू बांधून बाहेर काढणाऱ्या औषधाची इंजेक्शनं दिली आणि त्यांची रोजची कामं करण्याची क्षमता बाकीच्यांपेक्षा हळू घसरली. विक्रेते अजून हाच पेपर दाखवतात. त्यात न सांगितलेलं असं की तो प्रयोग अॅल्युमिनियम काढायला होता, लोह काढायला नव्हे, आणि तुलनेच्या गटाला रोजची खोटी इंजेक्शनं दिलेली नव्हती. कोण खरं औषध घेतंय हे घरच्यांना दिसत होतं. अशा वेळी ‘थोडं बरं वाटतंय’ यावर फार विसंबता येत नाही.

खरी परीक्षा अलीकडे झाली. डेफेरिप्रोन ही थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजारातल्या मुलांना लोह काढायला दिली जाणारी गोळी. ती मेंदूपर्यंत पोहोचते. पार्किन्सनच्या (कंपवाताच्या) ३७२ नव्या रुग्णांवर तिचा युरोपातला प्रयोग २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. मेंदूतलं लोह कमी झालं आणि रुग्णांची लक्षणं मात्र औषध न घेतलेल्यांपेक्षा जास्त बिघडली. मग अल्झायमर. ऑस्ट्रेलियात ८१ रुग्ण, वर्षभर खरी गोळी किंवा औषध नसलेली खोटी गोळी, कुणाला काय मिळतंय हे डॉक्टरांनाही माहीत नाही. निकाल २०२४ च्या अखेरीस आला. हिप्पोकॅम्पस या स्मरणाच्या भागातलं लोह एमआरआयवर कमी झालेलं दिसलं. म्हणजे औषधानं आपलं काम चोख केलं. आणि त्या गटातल्या लोकांची बुद्धी खोट्या गोळीवाल्यांपेक्षा वेगानं घसरली. काहींच्या पांढऱ्या पेशीही धोकादायक पातळीपर्यंत खाली गेल्या.

असं का झालं याचं पक्कं उत्तर अजून नाही. उरलेल्या पेशींना काम करायला लागणारं लोहच काढून घेतलं गेलं असावं, हा सध्याचा मुख्य तर्क आहे. पण आपल्या प्रश्नापुरता निष्कर्ष स्वच्छ आहे: लोह उपसणं हा आज अल्झायमरचा उपचार नाही, आणि अपाय होतो याचा पुरावा हातात आहे. मजा म्हणजे, हा प्रयोग करणारा गट तोच, ज्यानं लोह आणि घसरणीचा संबंध दाखवला होता. आपल्याच सिद्धान्ताविरुद्ध गेलेला निकाल त्यांनी छापला. व्हिडिओवाल्यांनी तो वाचला नाही.

तुम्हाला सुचवलेल्या सलाईनमध्ये बहुधा ईडीटीए हे धातू बांधणारं रसायन असतं. ते शिसं काढायला वापरतात. त्याच्या चुकीच्या प्रकारानं रक्तातलं कॅल्शियम कोसळून माणसं दगावली आहेत. सत्तरीतल्या मधुमेही बाईंना, मूत्रपिंड न तपासता, कुठल्याशा दवाखान्यात ते लावणं म्हणजे पैसे देऊन दुखणं विकत घेणं आहे.

एमआरआय काढलाच तर एक सूचना. रिपोर्टात बऱ्याचदा ‘बेसल गँग्लियामध्ये मिनरलायझेशन’ (मेंदूच्या खोल केंद्रकांत साठलेली खनिजं) असं वाक्य असतं आणि लोक तेवढ्यावरून हादरतात. ते या वयात नेहमीचं आहे, सोडून द्या. एसडब्ल्यूआय नावाच्या छायाचित्रांमध्ये मेंदूत विखुरलेले बारीक काळे ठिपके दिसले तर मात्र लक्ष द्यायला हवं. तो सूक्ष्म रक्तस्रावानंतर उरलेल्या लोहाचा डाग असतो. त्याचं कारण जेवणातलं लोह नव्हे, तर उच्च रक्तदाब किंवा रक्तवाहिन्यांच्या भिंतींत साचलेलं अॅमिलॉइड. असे ठिपके असतील तर अॅस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारी औषधं चालू ठेवायची का, याचा विचार डॉक्टरांना पुन्हा करावा लागतो.

खरा लोहसंचय कुणाला होतो, हेही सांगून टाकतो. वारंवार रक्त चढवावं लागणारे थॅलेसेमियाचे किंवा अस्थिमज्जेच्या आजाराचे रुग्ण, वर्षानुवर्षं दारू पिऊन यकृत गमावलेले, आणि हिमोक्रोमॅटोसिसचे, म्हणजे ज्यांचं आतडं गरजेपेक्षा जास्त लोह शोषतं असे रुग्ण. यातला शेवटचा आनुवंशिक आजार युरोपियन वंशात बराच आढळतो, आपल्याकडे तो जनुकीय दोष फार क्वचित. शरीराला जास्तीचं लोह बाहेर टाकायची सोयच नाही. रोज एक-दोन मिलिग्रॅम आत, तेवढंच बाहेर. म्हणून सगळा बंदोबस्त दारावर असतो: साठा भरला की यकृतातलं हेप्सिडिन हे संप्रेरक आतड्याला शोषण कमी करायला लावतं. त्यामुळे जनुकं धड असलेल्या माणसाला नुसत्या तोंडी गोळ्यांनी सहसा लोहसंचय होत नाही. शिरेतून दिलेलं लोह मात्र हे दार चुकवून जातं. खेड्यापाड्यांत थकवा आला की ‘रक्त वाढायची सलाईन’ मागून घेतात, तिचा मला गोळ्यांपेक्षा जास्त धाक वाटतो. तपासणीशिवाय ती घेऊ नका.

तव्याबद्दल. लोखंडी तव्यावरच्या भाकरीत आणि कढईतल्या आंबट भाजीत थोडं लोह उतरतं, खरं आहे. ज्वारीत आणि नाचणीत १०० ग्रॅमला साधारण ४ ते ५ मिलिग्रॅम लोह असतं, पण त्यातल्या फायटेट या लोह अडवणाऱ्या घटकामुळे अगदी थोडं अंगी लागतं. जेवणावर लगेच चहा झाला तर आणखी कमी. या मार्गानं कुणाच्या मेंदूत लोह साठल्याचं मी पाहिलेलं नाही. आफ्रिकेच्या काही भागांत अन्नातून लोहसंचय झाला होता, पण तो लोखंडी पिंपात आंबवलेली घरगुती बिअर मोठ्या प्रमाणात पिऊन, आणि त्यातही आनुवंशिक कल असावा असं मानतात. आपल्या आईंची भाकरी त्या हिशेबात बसत नाही. गूळ मात्र कमी करा. लोहासाठी नव्हे, साखरेसाठी.

उलट आपल्या भागात स्मरणाला लोहामुळे बसणारा खरा फटका कमतरतेचा आहे. कर्नाटकात १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ४७.८ टक्क्यांना रक्तक्षय असल्याचं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत दिसलं. अमेरिकेत सत्तरीतल्या अडीच हजारांवर लोकांना अकरा वर्षं पाहिलेल्या अभ्यासात, सुरुवातीला रक्तक्षय असलेल्यांपैकी २३ टक्क्यांना डिमेन्शिया झाला, नसलेल्यांपैकी १७ टक्क्यांना. यावरून एकामुळे दुसरं झालं हे सिद्ध होत नाही. पण व्हिडिओ बघून ज्यांच्या आजीचं फेरिटिन ८ आहे त्यांनीही गोळ्या फेकून दिल्या, असं व्हायला नको.

आता मूळ काळजी, विसरणं. बी-१२ भरून निघालं तरी स्मरण सुधारेलच असं नाही. दोन्ही गोष्टी एकत्रही असू शकतात. भारतात साठीपुढच्या शंभरातल्या सातेक जणांना (७.४ टक्के) डिमेन्शिया असल्याचा राष्ट्रीय पातळीवरचा अंदाज आहे, म्हणून ‘वय झालं, चालायचंच’ म्हणून सोडू नका. स्मरणचाचणी करून घ्या, पण भाषेकडं बघा. आपल्या सीमाभागात ही मोठीच भानगड आहे: बाई आयुष्यभर घरात मराठी बोललेल्या, बाजारात कन्नड, आणि चाचणीचा कागद इंग्रजीत. तपासणारा हिंदीत विचारतो, ‘१०० में से ७ घटाओ’. चौथी शिकलेल्या माणसाला ते तरुणपणीही जमलं नसतं. इंग्रजी तारीख विचारली तर गप्प बसणाऱ्या कितीतरी आज्या एकादशी कधी आहे ते बिनचूक सांगतात. आईंना एकादशी आठवते का? उपवासाच्या दिवशी चुकून जेवल्या का? पिठाच्या गिरणीचा हिशेब जमतो का? हे घरचं टिपण दोन आठवडे एका वहीत लिहा आणि घेऊन या. त्या कागदावरच्या गुणांपेक्षा मला त्याचा जास्त उपयोग होतो. सोबत अशी व्यक्ती आणा जी रोज त्यांच्याबरोबर राहते, पुण्याहून आलेली नव्हे.

डिमेन्शियाचा धोका कमी करता येईल अशा १४ गोष्टींची यादी लॅन्सेट आयोगानं २०२४ मध्ये दिली. त्यात रक्तदाब, मधुमेह, कोलेस्टेरॉल, कमी ऐकू येणं, अधू नजर, एकटेपणा, नैराश्य हे सगळं आहे. लोह नाही. आईंना मोतीबिंदू असेल तर काढून घ्या. कानाचं यंत्र लागत असेल तर लाजू नका. सलाईनला लागणाऱ्या पैशात दोन्ही कदाचित बसेल.

तुमचं स्वतःचं फेरिटिन २१०: पुरुषात ३०० पर्यंत सहसा ठीक धरतात. काही करायचं नाही. डिमेन्शिया टाळायला रक्तदान करू का, असं विचारलंय. ज्याला रक्त हवंय त्याच्यासाठी जरूर करा, दर ९० दिवसांनी चालतं. स्मरणशक्तीसाठी त्याचा उपयोग होतो असा पुरावा नाही. आईंचं रक्त काढायचा तर विचारही नको. आपल्याकडे दात्याची वयोमर्यादा ६५ आहे आणि हिमोग्लोबिन १२.५ लागतं.

शेवटी, घाई कधी करायची ते सांगतो. विसरणं महिन्यांनी नव्हे, दिवसांत वाढलं, गुंगी आली, डोकं दुखून उलटी झाली, एका बाजूची ताकद गेली, किंवा महिन्या-दीड महिन्यापूर्वी न्हाणीघरात पडल्याचं कुणाला आता आठवलं, तर रक्ताच्या रिपोर्टची वाट न पाहता त्याच दिवशी डोक्याचा सीटी काढा. म्हाताऱ्या माणसात कवटीखाली हळूहळू रक्त साठतं, आणि ते ऑपरेशननं काढता येतं. बेळगावात ठेवायचं की मिरजेला न्यायचं, ही चर्चा सीटी झाल्यावर करा.